एका गडव्याचं पाणी

ज्यांच्या छातीच्या फोटोवर डॉक्टरांनी आजच बोट ठेवलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रोग काय, औषध काय, ते डॉक्टर सांगतील. माझं शिक्षण कवायतीचं आणि अक्कल घाट चढण्यापुरती. पण खाटेवर पडून राहणं, घरच्यांची उतरलेली तोंडं बघणं आणि आपल्यापायी दुसऱ्याचं वाटोळं झालं असं मनात धरून दूध पिणं, यातलं मला बरंच कळतं. या शेवटच्या गोष्टीबद्दल वॉर्डात कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलते.

घाट

मी अकोल्याची. वडील कापसाच्या जिनात कामाला. शाळा सुटली की त्यांची भाकरी घेऊन मी पळत जायची, ती पळायची सवय पुढे कामी आली. मॅट्रिक झाल्यावर कवायत शिकवण्याचं शिक्षण घ्यायला अमरावतीला गेले आणि तिथल्या एका व्यायामशाळेत गुरुजींच्या हाती सापडले.

गुरुजी दर हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत घाटाची शर्यत भरवत. पळा, चाला, रांगत जा, पण संध्याकाळच्या आत वर पोचा. मुलींना तोवर लेझमीवर समजूत घालून बसवत. गुरुजींनी मुलींनाही घाटात सोडलं. पहिल्या वर्षी परतवाड्याच्या बाजारातून आम्ही पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये निघालो, तर मिरच्या विकायला बसलेल्या एका म्हातारीनं ओरडून विचारलं, "कोन्या गावाले आग लागली वं, पोट्ट्याहो?"

सपाटीवर मला कोणीही हरवायचं. पण चढ सुरू झाला की बाकीच्यांच्या छातीचा भाता होई आणि माझी छाती तेव्हाच कुठे मोकळी होई. मी मुलींत पहिली आले, पुढच्या वर्षीही आले, आणि मग ती सवयच लागली. एका वर्षी तर निम्मे मुलगे माझ्या मागे होते. त्यातल्या एकाला त्याच्या मामानं भर रस्त्यात थापड मारली, त्याचंही पाप माझ्याच माथी. पुढे अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली, तरी हिवाळा आला की मी परतवाड्याला हजर. शाळेत मला घाटवाली बाई म्हणत. मला ते फार आवडायचं, मी उगाच रागावल्यासारखं करायची.

माझ्या मागोमाग दुसरी यायची ती कुसुम. चांदूर बाजारची, काळ्या रानातल्या सुखवस्तू कुणब्याची लेक. आम्ही अमरावतीला एका खोलीत राहत होतो. तिचं पाऊल माझ्याहून लांब, पण तिला वाटेत बोलल्याशिवाय चैन पडत नसे. दम बोलण्यात घालवायची आणि दुसरी यायची.

गडवा

शर्यतीत गुरुजींचा एक नेम होता. वर पोचलं की पितळेचा एकच गडवा भरलेला असायचा. पहिली येईल तिनं ओठ लावून प्यायचं आणि दुसरीच्या हातात द्यायचा. तिनं तिसरीच्या. वरून तोंडात धार धरायची नाही, पुसायचा नाही, विसळायचा नाही. ओठ लावूनच.

आमच्या घरानं धम्मदीक्षा घेऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. नागपूरहून परत आल्यावर मायनं देव पोत्यात भरून नदीत सोडले, पण खेड्यात मामाकडे गेलं की विहिरीवर अजून कोणीतरी ओंजळीत वरूनच पाणी ओतायचं. आणि इथे चिखलदऱ्याला मी पहिली यायची, म्हणजे पाटला-देशमुखांच्या पोरी रांगेनं माझं उष्टं पाणी प्यायच्या. गुरुजींनी नेम मुद्दाम केला होता की काय, मी कधी विचारलं नाही. पण घाटातल्या शेवटच्या चढावर पायांत गोळे आले की मला बक्षीस आठवत नसे, गडवा आठवे.

पहिल्या वर्षी मी गडवा कुसुमच्या पुढे धरला तेव्हा ती क्षणभर थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. मग तिनं गटागटा अर्धा गडवा रिकामा केला आणि म्हणाली, "थंडगार हाय बाप्पा. पह्यली आली म्हनून समदंच पेशीन का तू?" त्या दिवसापासून आमची मैत्री.

शेवटच्या शर्यतीच्या आधी मला खोकला होता. कापसाच्या हंगामात निम्मं अकोला खोकतं, हवेत रुई उडत असते, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी पहिली आले, प्याले, गडवा कुसुमला दिला. रात्री धर्मशाळेत थंडी मरणाची, म्हणून आम्ही दोघी एका घोंगडीत झोपलो.

त्या दिवशी

महिन्याभरानं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवायला गेले, तर शिट्टीऐवजी खोकला आला आणि रुमालावर लाल डाग. मुली बघत होत्या. मी रुमाल मुठीत धरून कवायत पुरी केली.

दादा मला दवाखान्यात घेऊन गेला. फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "क्षय आहे. उजव्या बाजूला जास्त, डाव्या बाजूला थोडा." मी विचारलं, "मग पुढच्या हिवाळ्यात घाट नाही का जमायचा?" डॉक्टर परगावचे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कसला घाट? बाई, तुम्ही आता न्हाणीघरापर्यंतसुद्धा चालायचं नाही." दादाला हसू आलं. तो हसला आणि तसाच भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. घरातला सगळ्यात कणखर माणूस मी, हे त्यालाही पाठ होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, कोणाकोणाबरोबर राहता, झोपता, जेवता. मी सांगत गेले. माय, दादा, वहिनी, वहिनीचं तान्हं. वडील तोवर गेले होते. शेवटी कुसुमचं नाव सांगितलं. सगळ्यांचे फोटो काढा म्हणाले. घरच्यांचे स्वच्छ निघाले. कुसुमचा निघाला नाही.

तुम्हाला सांगते, माझ्या फोटोवरचा डाग बघून मी घाबरले होते. तिच्या फोटोची बातमी आली तेव्हा घाबरायचंही सुचलं नाही.

वेगळा कप

अमरावतीला खाट मिळेपर्यंत मी घरी होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिची भांडी वेगळी ठेवा, उकळून घ्या. वहिनीनं एक कप, एक ताटली, एक पेला बाजूला काढला आणि खिडकीत मांडला. तिचं काही चुकलं नव्हतं, तिच्या कडेवर पोर होतं.

मायनं बाहेरून येऊन खिडकी बघितली.

"हे कोनाचं हाय?"

मी म्हटलं, "माहं हाय, माय. डाक्टरनं सांगतलं."

"वेगळा कप?" माय म्हणाली. "माह्या घरात? चहाच्या हाटेलात तुह्या बापाले वेगळा कप होता, खुंटीले टांगलेला. तो सोता धुवे अन् सोता टांगे. तो कप मी जलमभर पाह्यला. आता माह्या घरात, माह्या पोरीले, मी मांडू? म्या मेल्यावर मांडा." आणि तिनं माझा कप उचलून घरच्या कपांत नेऊन ठेवला.

वहिनी पोराला छातीशी धरून आत गेली. दादा दारात उभा, कोणाची बाजू घ्यावी कळेना. मी उठले, माझा कप परत काढला आणि मायच्या देखत खिडकीत ठेवला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच कपात चहा आणून दिला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली, पदर तोंडाला लावून.

घरात आजारी माणूस असलं की भांडणं होतात. ती होऊ द्या. प्रत्येकाला कशाची तरी भीती असते आणि ती भांड्यांवर निघते. पण मी हे आज शहाणपणानं लिहिते. तेव्हा एवढंच वाटायचं, की दीक्षेनं जे घरातून गेलं होतं ते मी परत आणलं.

वॉर्ड

अमरावतीच्या वॉर्डात ओळीनं खाटा. सकाळी ताप बघायचा, मग सुई. ढुंगणाची चाळण झाली, त्या औषधानं कानात दिवसभर रातकिडे. त्यावर कडू पुड्या, एवढ्या की नाश्त्याला वेगळी जागा उरत नसे. खाटेखाली झाकणाचं थुंकीचं भांडं. आठवड्यातून एकदा वजन. वजन वाढलं की बायका लग्न ठरल्यासारख्या हसायच्या. नर्सबाई कडक, पण संत्र्याच्या दिवसांत कोणाकडे पाहुणे आले नाहीत तर तिच्या उशाशी गुपचूप एक संत्रं ठेवून जायच्या. मला ती संत्री अजून आठवतात.

सगळ्यात जड गेलं ते पडून राहणं. औषधाइतकाच आराम महत्त्वाचा, कूससुद्धा हळू वळायची. ज्या बाईला घाटानं दमवलं नाही तिला गादीनं दमवलं. मग मी डोळे मिटून घाट चढायची. परतवाडा सोडला, सागाची झाडं लागली, पहिलं वळण, दुसरं वळण. दम लागायचा नाही. तुमचाही एखादा रस्ता असेलच, शेताचा, बाजाराचा, शाळेचा. तो रोज चालून या. फुकट आहे, आणि नर्सबाईंना कळत नाही.

पण माझं शेवटचं वळण कधी यायचं नाही. तिथे गडवा होता.

कुसुमचं लग्न ठरलं होतं. फोटोची बातमी फुटली आणि मोडलं. तिची आई एक दिवस वॉर्डात आली, माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "एका गडव्यानं पानी पाजलं ना माह्या पोरीले? सुधारना केली ना? घ्या आता! मी सांगून राह्यली होती तिले, ज्याचं त्याचं भांडं ज्याच्या त्याच्या घरी." मला उलट बोलता आलं असतं. माझी जीभ काही कमी नाही. पण तिच्या बोलण्यातला जातीचा भाग मला खोटा वाटला आणि रोगाचा भाग खरा वाटला. म्हणून मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यावर दोन्ही भाग खरे झाले.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा रोग पाण्यानं, गडव्यानं सहसा लागत नाही. खोकल्यातून, श्वासातून लागतो, एका खोलीत राहिल्यानं, जवळ झोपल्यानं. म्हणजे घोंगडी. गडवा सुटला, मी सुटले नाही.

गुरुजीही येऊन गेले. मुलींचे पालक बोलत होते, काय करू, म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या शर्यतीपासून प्रत्येकीनं आपलं भांडं आणावं. त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली आणि "बरं" म्हणाले. काही पालकांना फार आनंद झाला, तो काही रोग टळल्याचा नव्हता.

कुसुम

पुढच्या आठवड्यात कुसुमला आमच्याच वॉर्डात आणलं. मधे दोन खाटा सोडून तिची खाट. ती माझ्याकडे बघेना. वाटेत बोलल्याशिवाय जिला चैन पडत नसे ती छताकडे बघत पडायची. मला वाटलं, बरोबरच आहे. तोंड आहे का मला तिच्याशी बोलायला?

माझं खाणं सुटलं. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. आपण जेवून बरं व्हायचं, कोणत्या तोंडानं? वजन घटत गेलं. डॉक्टर रागावले, पुड्या बदलून पाहिल्या. दादा अकोल्याहून यायचा, वहिनीनं दिलेले लाडू मी शेजारच्या बाईला देऊन टाकायची. मायनं निरोप धाडला, "तिले म्हना, मरायचं असन तं घरी येऊन मर." डॉक्टरांनी दादाला व्हरांड्यात नेलं आणि तो परत आला तेव्हा त्याचं तोंड बघून मला कळलं, की मी उतरणीला लागले आहे. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. हिशेब बरोबर होतोय असं वाटलं.

एका दुपारी वॉर्ड झोपला होता. कुसुम उठून आली, मनाई असताना, आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली.

"जेवत काहून नाई?"

मी रडायला लागले. म्हटलं, "कुसुम, माह्यापायी झालं तुले."

"चूप," ती म्हणाली. "तुह्यापायी नाई. मलेच पह्यले झालं. दोन सालाआधी दिवाईत घरी गेल्ती, तवाच रक्त पडलं होतं. कोनाले सांगतलं नाई. लगन मोडन म्हनून. तुले मीच देल्लं. आता जेव, नाई तं माह्या डोक्यावर तुहं पाप बसन."

ती उठून गेली. आणि मी काय केलं? मी तिला म्हणायला हवं होतं, असू दे गं, कोणाचं काय कोणाला कळतं. मी काहीच म्हटलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा सरकला होता आणि मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की मी तोंडावर चादर ओढली. मैत्रीण आपल्या तोंडानं सांगते की ती दोन वर्षं रोग लपवून जगली, तिचं लग्न मोडलं, आणि मी चादरीखाली खूश. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या. पुढच्या वजनाला काटा वर गेला, मग जातच राहिला.

त्यानंतर कुसुमची आई आली तेव्हाही तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण मला काही टोचून बोललीही नाही. मला वाटलं, दमली असेल.

आम्ही दोघी बऱ्या झालो, पण सारख्या नाही. माझ्या छातीतली जखम भरून आली. तिचं डावं फुप्फुस आक्रसलं. दोन जिने चढली की बसते. लग्न पुन्हा ठरलं नाही. चांदूर बाजारला ती प्राथमिक शाळेत शिकवते.

नंतर

मी घाटात परत गेले. आधी चालत, मग थोडं पळत. पहिली आता येत नाही, माझ्या शाळेच्या पोरी येतात आणि मी मागून शिट्टी फुंकत जाते. शिट्टी वाजते, यातच मला सगळं मिळालं.

गेल्या वर्षी तपासणीला गेले तर डॉक्टर नवे होते. त्यांनी माझा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी धरले. म्हणाले, "हा वरचा पांढरा डाग बघा. पहिल्या फोटोतच हा वाळून कडक झालेला आहे. रोग तुमच्या छातीत खूप आधीपासून मुरलेला होता. लहानपणीच केव्हातरी घरात कोणाचा लागला असेल. नंतर उफाळला." मला वडील आठवले, जिनातून येऊन रात्रभर खोकायचे. रुई, म्हणायचे.

म्हणजे कुसुमनं मला दिला नव्हता. ती इतकी वर्षं नाहक ते ओझं घेऊन बसली होती. मी दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसायला हवं होतं. बसले नाही. शाळेच्या परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला, मग पाऊस. खरं कारण असं, की निर्दोष असणं फार गोड लागतं. मी गेले असते तर ते तिला परत द्यावं लागलं असतं.

शेवटी गेले. ओसरीत कुसुम तांदूळ निवडत होती. तिची आई आत. मी चहाही घेतला नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डाग, डॉक्टर, वडील. म्हटलं, "तू मले काई देल्लं नाई. मले मालूम होऊन साल होत आलं."

कुसुम सुपातून खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मले मालूम हाय."

"कसं?"

"दिवाईत रक्त-बिक्त काई नवतं पडलं. मले खोकलाच नवता. शर्यतीनंतर आला."

मला कळेना.

"मंग तसं काहून सांगतलं?"

"तू जेवत नवती," ती म्हणाली. "डाक्टर तुह्या भावाले काय म्हने ते मी ऐकलं. तुह्या डोक्यावरून ते पाप काढाव तं लागे. ठेवाव कुठी? म्हनून माह्यावर घेतलं. मायलेबी तेच सांगतलं, तवा ती चूप झाली. लय मारलं तिनं मले त्या दिवशी, खाटेवरच."

मी खाली बसले. ज्या आनंदानं मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, त्याची किंमत तिनं तिच्या आईच्या हातचा मार खाऊन चुकती केली होती, आणि मी मधे दोन खाटा सोडून झोपले होते. तेव्हा गाढ झोप लागली होती मला. मी ओसरीत बसून हमसाहमशी रडले.

कुसुमनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवर जोरात हात मारला.

"बस झालं. रडू नोको. खोकला लागला तं पुन्हा माह्यावरच येईन."